किंमत कुणाच्या खिशातून?

ताई,
प्रभू येशूच्या नावात सलाम. माझं वय 38. एका खासगी कंपनीत अकाउंट्समध्ये बरीच वर्षं नोकरी करतो. घरी पत्नी, नववीतली मुलगी, पाचवीतला मुलगा आणि माझी आई. जन्माने ख्रिस्ती असलो तरी खरा विश्वास दोन वर्षांपूर्वी एका संगतीत, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या प्रार्थनागटात, जायला लागल्यावर कळला. तिथे शिष्यत्वाचा वर्ग चालतो. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 14 वा अध्याय शिकताना फार टोचणी लागली. आई-बाप, बायको-मुलं यांचा द्वेष केल्याशिवाय माझा शिष्य होता येत नाही, असं प्रभू स्पष्ट म्हणतो. मागच्या महिन्यात भर सभेत उभं राहून मी जाहीर केलं, की नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत येतो आणि साठवणीतला मोठा भाग सेवेच्या इमारतीसाठी देतो. सगळ्यांनी हालेलुया म्हटलं. पत्नी बायकांच्या रांगेत बसली होती. त्या दिवसापासून ती कामापुरतंच बोलते. आईच्या औषधोपचाराचा खर्च कंपनीच्या विम्यातून होतो त्याचं काय, मुलीच्या शिक्षणाचं काय, एवढंच विचारते. संगतीचे पुढारी म्हणतात, सैतान घरच्यांच्याच तोंडून बोलतो. नांगराला हात घातलास, आता मागे पाहू नकोस. ऑफिसात तर मन लागतच नाही. वर्षाच्या शेवटी काही बिलं मागच्या तारखेने चढवावी लागतात, सह्या माझ्या असतात, ते मनाला खातं. म्हणूनही वाटतं, या जगातून एकदाचं बाहेर पडावं. राजीनाम्याची तारीख जवळ येतेय. पत्नीसाठी थांबलो तर प्रभूला नाकारल्यासारखं होईल का?
एक शिष्य

भाऊ,

सलाम. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही, होणार नाही. राजीनामा इतक्यात देऊ नका. इमारतीसाठी कबूल केलेले पैसेही देऊ नका. का, ते खाली लिहिते. वाचून सुटल्यासारखं वाटेल अशी मात्र अपेक्षा ठेवू नका. तुम्ही धरलेली वाट फार अवघड आहे म्हणून मी तुम्हाला थांबवत नाहीये. तुमच्यापुरती ती फार सोपी आहे, असं मला वाटतं.

आधी तुमच्या बाजूचं बोलते. वर्षानुवर्षं उपासनेला येऊन बसणाऱ्या कितीतरी जणांना लूकचा 14 वा अध्याय कधी टोचत नाही. तुम्हाला टोचला, याचा मला आनंद आहे, आणि ती टोचणी बुजवून टाकायची माझी इच्छा नाही. हिटलरला विरोध करणारे जर्मन पाळक डीट्रिश बॉनहॉफर यांनी 1937 साली 'स्वस्त कृपा' या दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं होतं. पापक्षमा हवी, पण पश्चात्ताप नको. ख्रिस्त हवा, पण त्याच्यामागे चालणं नको. हे लिहिणाऱ्या माणसाने पुढे स्वतः काय केलं ते पाहा. 1939 च्या जूनमध्ये ते न्यूयॉर्कला सुखरूप पोचले होते, मित्रांनी तिथे राहायची सोय केली होती. महिनाभराच्या आत ते जर्मनीला परत निघाले. आपल्या लोकांच्या संकटात आपण वाटेकरी झालो नाही, तर युद्धानंतर त्यांच्यात उभं राहायचा हक्क आपल्याला उरणार नाही, असं त्यांना वाटलं. 9 एप्रिल 1945 रोजी फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी दिलं गेलं. म्हणजे हा माणूस अवघड जागेतून सुटला होता आणि आपल्या पायांनी तिथे परत गेला. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता तुमचा अध्याय. तुम्ही 26 व्या वचनावर थांबलात असं दिसतं. तसंच पुढे वाचत जा. मोठा लोकसमुदाय येशूमागे चालला होता. कुणालाही हवीहवीशी वाटेल अशी गर्दी. आणि हा मागे वळून असं काही बोलतो की निम्मे लोक घरी जावेत. त्यापाठोपाठ दोन दाखले येतात. बुरूज बांधणारा माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज करतो, नाहीतर पाया घालून काम अर्धवट राहतं आणि लोक हसतात. वीस हजारांवर दहा हजार घेऊन चालून जाणारा राजाही आधी बसून मसलत करतो. दोघं आधी बसतात. तुम्ही आधी उभे राहिलात, तेही सभेत.

तुम्ही हिशोबातले माणूस. कंपनीत खर्चाचं मोठं काम निघालं की तुम्ही पहिल्यांदा हेच विचारत असाल, की पैसा कुठून येणार आणि तो कुणाच्या खात्यावर पडणार. शिष्यत्वाच्या बाबतीत हा प्रश्न तुम्ही विचारलेला दिसत नाही, म्हणून तुमच्याच पत्रावरून मी मांडून पाहिलं. पगार जाणार तो सगळ्या घराचा. विम्याचं छत्र जाणार ते आईचं. शिक्षण अडणार ते मुलीचं. महिन्याच्या शेवटी दोन टोकं जुळवत बसायचं ते पत्नीने. आणि तुमच्या वाट्याला काय आलं? जिथे मन लागत नाही त्या नोकरीतून सुटका, आवडीचं काम आणि भर सभेतला हालेलुया. राग मानू नका, पण या हिशोबात तुमच्या नावावर खर्च जवळजवळ दिसतच नाही. आपला वधस्तंभ उचलून मागे ये असं प्रभू म्हणाला. तुम्ही तो घरात वाटून टाकलात.

तुमचे पुढारी इथे हरकत घेतील, आणि ती बिनबुडाची नाही. त्याच अध्यायात थोडं आधी मेजवानीचा दाखला आहे. एकाने शेत विकत घेतलेलं, दुसऱ्याने बैलांच्या पाच जोड्या, तिसरा म्हणतो, लग्न केलंय, येता येत नाही. मग बायको ही सबबच नाही का? असू शकते. कित्येकांच्या बाबतीत असतेच. पण सबब सांगणाऱ्याला मुळात जायचंच नसतं. तुम्हाला जायचं आहे, आणि तेही इतक्या घाईने की ज्यांना बरोबर न्यायचं त्यांना हाक मारायचंही राहून गेलं.

द्वेषाच्या वचनाबद्दल फार लिहीत नाही. मत्तयाच्या 10 व्या अध्यायात तेच बोलणं 'माझ्यापेक्षा आई-बापांवर, मुलांवर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही' या अर्थाने आलं आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की गोंधळ उरत नाही. प्रभू पहिला, याबद्दल वादच नाही. पण तोच प्रभू मार्कच्या 7 व्या अध्यायात कुणावर संतापतो? आई-बापांना द्यायचं ते 'कुर्बान' आहे, देवाला वाहिलंय, असं सांगून मोकळे होणाऱ्या धार्मिक माणसांवर. आईच्या औषधपाण्याची सोय मोडून इमारतीला पैसे देणं याला मी दुसरं काय म्हणू? वधस्तंभावर प्राण जाताना त्याने आपल्या आईला प्रिय शिष्याच्या स्वाधीन केलं. जगाच्या तारणाचं काम हातात असताना त्याला आईची सोय लावायला वेळ होता. आणि 'नाकारल्यासारखं होईल का' असं तुम्ही विचारता, तर पौल तीमथ्याला पहिल्या पत्रात लिहितो ते वाचा (5:8): जो घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे. तुम्हाला ज्याची भीती वाटते ते थांबल्याने नाही, निघून गेल्याने होईल.

आणखी एक. प्रभू सगळ्यांकडे एकच गोष्ट मागत नाही. पेत्राने जाळी सोडली, पण त्याचं घर मोडलं नाही. त्याच्या सासूला ताप आला तेव्हा येशू त्याच घरात गेला, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी पौल करिंथकरांना सांगतो की केफा, म्हणजे हाच पेत्र, आपल्या बायकोला बरोबर घेऊन फिरतो. त्या श्रीमंत माणसाला येशूने सगळं विकायला सांगितलं. जक्कय नावाच्या जकातदाराला तसं सांगितलं नाही. त्याने आपण होऊन अर्धं गरिबांना दिलं, फसवून घेतलेलं चौपट परत करायचं कबूल केलं, आणि येशूने तेवढ्याने त्याच्या घराला तारण आलं असं म्हटलं. आणि मार्कच्या 5 व्या अध्यायातला तो थडग्यांमध्ये राहणारा, साखळ्या तोडणारा माणूस! बरा झाल्यावर तो येशूच्या मचव्यापाशी येऊन विनवतो, मला तुझ्याबरोबर राहू दे. येशू त्याला येऊ देत नाही. घरी जा, आपल्या लोकांकडे जा, म्हणतो. ज्या लोकांनी त्याला नागडा आरडाओरडा करताना पाहिलं होतं त्यांच्यात परत जाऊन राहायचं, हे मचव्यात चढून निघून जाण्यापेक्षा किती अवघड असेल, याचा विचार करा. शिष्यत्वाच्या वर्गात या माणसाचं नाव फारसं निघत नाही.

आता तुमच्या त्या बिलांकडे वळते. पत्रभर सेवा, सभा, पुढारी, आणि बिलांचं एक वाक्य, तेही जाता जाता. मी तिथेच अडकले.

झालेल्या कामाचं बिल उशिरा आलं आणि ते काम ज्या वर्षात झालं त्याच वर्षात धरलं, तर त्यात खोटं काही नाही; त्याला तरतूद म्हणतात आणि ती करायलाच हवी, हे तुम्ही मला शिकवाल. पण तुमचं मन खातंय त्या अर्थी तुमची बिलं तसली नसावीत. माल गोदामात उतरलेला नाही, पण कागद म्हणतो उतरला. काम झालेलं नाही, पण कागद म्हणतो झालं. तारीख मागची, शाई आजची, आणि खाली कोपऱ्यात तुमची सही. ऑडिटर आला की तो त्या सहीकडे पाहतो आणि पान उलटतो, कारण सही ओळखीची आहे आणि माणूस सरळ म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणजे तिथे तुमची साक्षच वापरली जातेय.

भाऊ, शिष्यत्वाची किंमत शोधायला तुम्ही नोकरी सोडून निघालात. ती तुमच्या टेबलावर, बिलांच्या फायलीत पडली आहे. साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन 'यावर मी सही करणार नाही' एवढं म्हणायचं. बढती जाईल, वर्षानुवर्षांची गोडी जाईल, कोपऱ्यातल्या एखाद्या बिनकामाच्या टेबलावर बसवतील, कदाचित नोकरीही जाईल. बरोबर जेवायला बसणारे लोक म्हणतील, हा स्वतःला कोण समजतो? हालेलुया कुणी म्हणणार नाही. याउलट राजीनामा दिलात तर निरोपाचा कार्यक्रम होईल, चार चांगले शब्द बोलले जातील आणि पुढच्या वर्षाच्या शेवटी तुमच्या हाताखालचा एखादा नवा मुलगा तुमच्या खुर्चीत बसून त्याच कागदावर सही करील. त्याला नाही म्हणायला कुणी शिकवलेलंच नसेल. बॉनहॉफर परत का गेले, ते आता तुम्ही मला सांगा.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले होते, लूकच्या 3 ऱ्या अध्यायात. आम्ही काय करावं, असं त्यांनी विचारलं. नाका सोडा, असं तो म्हणाला नाही. ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका, म्हणाला. शिपायांना म्हणाला, कुणाला धाकदपटशा करून लुबाडू नका, खोटे आरोप करू नका, पगारात समाधान माना. नाक्यावर बसून जास्तीचं न घेणारा जकातदार! बाकीच्या जकातदारांनी त्याला किती दिवस सुखाने बसू दिलं असेल, कोण जाणे.

हे कसं करायचं तेही सांगते, कारण जोशात येऊन केबिनमध्ये वचनं ऐकवणाऱ्यांपैकी तुम्ही होऊ नये. आधी एकट्याने भेटा. आवाज चढवू नका, देवाचं नाव मध्ये आणू नका. 'माल मिळाल्याची पोच आणि कामाची खरी तारीख हातात आल्याशिवाय मला हे बिल चढवता येणार नाही', एवढं पुरे. नंतर तेच मेलवर लिहून पाठवा आणि त्याची प्रत जपून ठेवा. झालेल्या सह्यांचं काय करायचं, हे मात्र कंपनीबाहेरच्या एखाद्या वकिलाला आधी विचारा. कबुली द्यायलाच हवी, पण ती कुठे, कुणाकडे, कोणत्या शब्दांत, हे समजून द्यावी. नाहीतर तुमच्या पश्चात्तापात तिघा-चौघांच्या नोकऱ्या जातील आणि मूळ करविता बाजूला राहील. जक्कयाने चौपट परत करतो म्हटलं तेव्हा कुणाचं किती घेतलंय हे त्याला नक्की ठाऊक असणार. तुम्हीही आधी यादी करा.

तुम्ही म्हणाल, यात नोकरी गेली तर घराला झळ बसणारच. मग राजीनाम्यात आणि यात फरक काय राहिला? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मी गुळमुळीत देणार नाही. शिष्यत्वाची झळ घरच्यांना कधीच लागत नाही, असं म्हणणारा खोटं बोलतो.

ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड नावाच्या खेड्यात फ्रान्झ येगरश्टेटर नावाचा शेतकरी होता. घरी बायको फ्रान्झिस्का आणि तीन लहान मुली. हिटलरच्या सैन्यात लढणं हे पाप आहे, अशी त्याची खात्री झाली. धर्मगुरूंनी समजावलं, खुद्द बिशपने त्याला बायकामुलांच्या जबाबदारीची आठवण करून दिली. सुरुवातीला फ्रान्झिस्कानेही विनवलं. पण सगळेच त्याच्याशी भांडायला लागले तेव्हा, आता मी तरी त्याच्या बाजूने उभी राहते, असं तिने ठरवलं. 1943 च्या मार्चमध्ये त्याने लढायला नकार दिला. रुग्णसेवक म्हणून काम करायला तो तयार होता, पण ते कुणी ऐकलं नाही. जुलैत ती बर्लिनच्या तुरुंगात त्याला भेटून आली. 9 ऑगस्टला त्याचा शिरच्छेद झाला. त्यानंतर शेत तिने सांभाळलं, गावाची बोलणी तिने खाल्ली, आणि युद्धात मेलेल्यांच्या विधवांना मिळणारं निवृत्तिवेतन तिला 1950 पर्यंत नाकारलं गेलं. 2007 साली चर्चने फ्रान्झला धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचा, घोषित केलं त्या सोहळ्याला ती हजर होती, नव्वदी ओलांडलेली.

ही कथा वाचून तुमचे पुढारी म्हणतील, बघ, बायकामुलं असूनही तो गेला. खरं आहे. पण तो काय करत होता ते पाहा. त्याने काही मोठं करून दाखवायला घर सोडलं नाही. समोर ठेवलेल्या पापाला नाही म्हटलं, आणि किंमत त्यामागून आली. सगळ्यात आधी त्याने स्वतःचा जीव पुढे केला. आणि फ्रान्झिस्काला हा निर्णय लोकांच्या टाळ्यांमधून कळला नव्हता. ती त्याच्याशी भांडली, रडली, मग त्याच्याबरोबर उभी राहिली. तुमची पत्नी अजून भांडलेलीही नाही. तिला भांडायला जागाच ठेवली नाहीत तुम्ही.

आपल्याकडचं उदाहरण तुम्हाला ठाऊकच असेल. 1895 साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंना त्यात कुणी विचारलं नव्हतं. पुढे काही वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. त्या काळात त्यांच्या मनाचं काय झालं, ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. नंतर त्या स्वतःच्या विचाराने ख्रिस्ताकडे आल्या, आणि आपण कौतुकाने ते सांगतो. पण शेवट चांगला झाला म्हणून मधली वर्षं माफ होतात असं मला वाटत नाही. टिळकांची कविता आवडणाऱ्या प्रत्येकाने लक्ष्मीबाईंची बाजूही वाचावी, निदान नवरे मंडळींनी तरी.

पुढाऱ्यांविषयी मोजकंच लिहिते, कारण मी त्यांना पाहिलेलं नाही. पण जो माणूस तुमच्या पत्नीच्या काळजीला सैतानाचा आवाज म्हणतो आणि त्याच दमात इमारतीचे पैसे स्वीकारतो, त्याच्याबाबतीत सावध असावं. तुम्ही अकाउंट्समधले आहात, एक साधी गोष्ट करा. संगतीचा जमाखर्च कोण तपासतं, इमारत कुणाच्या नावावर होणार आहे आणि पुढारी स्वतः कुणाला उत्तर देतात, हे नम्रपणे विचारा. प्रामाणिक माणूस वही काढून दाखवेल. दुसऱ्या प्रकारचा तुमच्या विश्वासावर शंका घेईल. तुम्हाला काय मिळतं ते पाहा आणि त्यावरून ठरवा.

पत्नीशी बोलायचं ते आज बोला. विश्वासाबद्दल क्षमा मागायची गरज नाही. तिला चारचौघांत कळलं, त्याबद्दल मागा, आणि 'पण' न लावता मागा. 'चुकलं, पण प्रभूने प्रेरणा दिली होती' असं म्हणालात तर न बोललेलं बरं. मग तिला विचारा की तुला नेमकी कशाची भीती वाटते, आणि ती बोलत असताना गप्प बसा. आईचा औषधोपचार, मुलीचं शिक्षण हे तिने बोलून दाखवलंय. त्याखाली आणखी काही असेल. सभेत तुम्ही उभे राहिलात तेव्हा शेजारच्या बायकांनी तिच्याकडे वळून पाहिलं असणार. तिला हसावं लागलं असेल, कदाचित टाळीही वाजवावी लागली असेल. ते तिने अजून कुणाला सांगितलेलं नसेल. बिलांचंही तिला सगळं सांगा, काही लपवू नका. मला वाटतं, नोकरी सोडायला नको म्हणणारी बाई खोटी सही करू नका असं पहिल्यांदा म्हणेल. आणि त्यापायी नोकरी गेलीच, तर ती जाणार हे तिला आधीपासून माहीत असेल. पौलाने नवरा-बायकोला प्रार्थनेसाठी वेगळं राहायचं तरी दोघांच्या संमतीने आणि थोडाच वेळ, असं सांगितलंय. प्रार्थनेला संमती लागते, मग पगार सोडायला लागत नाही?

पूर्णवेळ सेवेचं दार मी बंद करत नाही. पाचारण खरं असेल तर वर्षभर थांबल्याने ते विरून जात नाही. अंत्युखिया शहरातल्या मंडळीने उपास-प्रार्थना करून, हात ठेवून बर्णबा आणि पौलाला पाठवलं. ते सभेत स्वतःहून उठून निघाले नव्हते. तोच पौल करिंथात तंबू शिवून पोट भरत होता आणि शब्बाथ दिवशी सभास्थानात बोलत होता. तुम्हीही नोकरी सांभाळून एखादं असं काम घ्या ज्यात माईक हातात येत नाही. आजाऱ्यांना दवाखान्यात नेणं, म्हाताऱ्या माणसांची कागदपत्रं भरून देणं, मंडळीचा जमाखर्च नीट लिहिणं. एका वर्षाने पत्नी आपणहून म्हणाली की तुम्ही याच कामासाठी आहात, तुम्हाला ओळखणाऱ्या दोन-तीन वडीलधाऱ्या माणसांनीही तेच म्हटलं, आईच्या औषधोपचाराची दुसरी सोय लागली, तर खुशाल जा. धर्मशिक्षण घ्यायचं असेल तर त्याचीही चौकशी या वर्षात करून ठेवा. त्यातलं काहीच झालं नाही तर तुम्ही शिष्य म्हणून कमी पडलात असा अर्थ काढू नका.

राहिली ती सभेत दिलेल्या शब्दाची गोष्ट. तो सभेतच मागे घ्या, कोपऱ्यात पुढाऱ्यांच्या कानात नको. उभे राहून सांगा की मागच्या महिन्यात मी जे बोललो ते घरी न विचारता बोललो, तारीख रद्द करतो, पैशांचा शब्दही परत घेतो. नांगरावर हात ठेवून मागे पाहणारा म्हणून दोघं-चौघं तुमच्याकडे पाहतील. ते सहन करा. ही झळ निदान तुमची एकट्याची आहे. पण त्याआधी हे उत्तर पत्नीला वाचायला द्या. मी तिच्या वतीने बरंच बोलले आहे आणि तिला ओळखतही नाही. काही चुकीचं वाटलं तर तिने मला वेगळं पत्र लिहावं, तुम्हाला न दाखवता लिहिलं तरी चालेल. ते मी इथे छापणार नाही, तिला घरच्या पत्त्यावर उत्तर पाठवेन.